नकाशाच्या कोपऱ्यातला गावकरी

एज ऑफ एम्पायर्सचा दुसरा भाग ज्यांनी खेळलाय (किंवा घरातलं कुणी खेळत असताना "जेवायला ये" म्हणून ज्यांनी दहा हाका मारल्यात) त्यांना हा प्रसंग सांगायला नको. शत्रू गावात घुसलाय. बराक पडली, तबेला जळतोय, टाउन सेंटरच्या छपरातून ज्वाळा निघताहेत आणि आपण हौसेने लावलेल्या शेतांमधून पर्शियन हत्ती फिरताहेत. कोपऱ्यातला आपला स्कोअर धडाधड खाली येतोय. शेजारच्या कॉम्प्युटरवरचा मित्र "सोड आता, नवीन लावू" म्हणतोय. आणि तेवढ्यात आठवतं, अरे, मघाशी एक गावकरी सोन्याची खाण शोधायला लांब पाठवला होता...

तो जिवंत असतो. नकाशाच्या पार टोकाला, झाडांच्या मागे एकटाच उभा. मग त्याला आणखी आत, आणखी कोपऱ्यात न्यायचं. उरलंसुरलं लाकूड आणि दगड खर्चून नवं टाउन सेंटर बांधायला घ्यायचं आणि ते पुरं होईपर्यंत श्वास रोखून बसायचं. शत्रूला वाटत असतं, संपलं. तो आपलं उरलेलं एखादं कुंपण शोधत फिरत असतो. इकडे आपले पाच गावकरी होतात, मग दहा, मग एक बाजारपेठ. दीड तासाने त्याचा शेवटचा किल्ला पडतो तेव्हा रात्रीचे अडीच वाजलेले असतात आणि ओरडायचीही सोय नसते.

(घरच्यांना सूचना: पुढे बऱ्याच लढाया आहेत. आत्याने मागितलेली लोणच्याची कृती पुढच्या वेळी नक्की.)

सहज जिंकलेले खेळ मला एकही आठवत नाही, पण असे हरत हरत जिंकलेले वीस-पंचवीस वर्षांनंतरही चाली-चालींसकट आठवतात. आणि दर वेळी मनात यायचं की हे खेळात ठीक आहे, खऱ्या इतिहासात असं कुठे होतं? खऱ्या इतिहासात राजधानी पडली की विषय संपला. मग एकदा १६८९ ते १७०७ या काळाबद्दल जरा सलग वाचायला घेतलं आणि चक्रावलो. शाळेच्या पुस्तकात हा काळ दोन पानांत उरकलेला होता. शिवाजी महाराज, मग संभाजीराजे, मग एकदम बाळाजी विश्वनाथ. मधली अठरा वर्षं म्हणजे जणू गाडी बोगद्यातून गेली. आणि त्या बोगद्यात नेमका कोपऱ्यातल्या गावकऱ्याचा डाव चालू होता.

आधी खेळाचे नियम. एज ऑफ एम्पायर्समध्ये डाव सुरू करताना तो कसा जिंकायचा ते निवडता येतं. एक प्रकार काँक्वेस्ट. यात समोरच्याची माणसं आणि कामाच्या इमारती साफ होईपर्यंत डाव चालू. दुसरा प्रकार रेजिसाइड, म्हणजे राजवध. यात प्रत्येकाकडे एक राजा असतो. तो लढत नाही, नुसता पळू शकतो किंवा किल्ल्यात लपू शकतो. तो मेला की तुमच्याकडे शंभर घोडेस्वार असोत, चार किल्ले असोत, खेळ खलास. म्हणजे हरत आलेला डाव फिरवणं शक्य आहे की नाही, हे तुमच्या हुशारीवर नंतर, आधी तुम्ही कुठला प्रकार निवडलाय त्यावर ठरतं. रेजिसाइडमध्ये कोपऱ्यातल्या गावकऱ्याला काडीची किंमत नाही.

आता औरंगजेबाच्या जागी बसून बघा. १६८१ च्या अखेरीस तो दक्षिणेत उतरला. सप्टेंबर १६८६ मध्ये विजापूर घेतलं. सिकंदर आदिलशहा शरण आला आणि आदिलशाही संपली. सप्टेंबर १६८७ मध्ये गोवळकोंडा. तिथे आठ महिने वेढा घालूनही काही होईना, शेवटी आतल्याच एका सरदाराला फोडून दरवाजा उघडून घेतला. अबुल हसन तानाशहा कैद होऊन दौलताबादला गेला आणि कुतुबशाही संपली. दोन्ही राज्यं दीडशेच्या वर वर्षांची जुनी, श्रीमंत, तोफखान्यासकट. पण राजधानी पडली, राजा हातात आला आणि सगळं मिटलं. शुद्ध रेजिसाइड.

त्यामुळे फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला संभाजीराजे पकडले गेले आणि मार्चमध्ये त्यांना हालहाल करून मारलं, तेव्हा औरंगजेबाने डाव संपला असं धरलं असेल तर त्याला मूर्ख म्हणता येणार नाही. लगोलग रायगडाला वेढा पडला. नोव्हेंबरात रायगड गेला आणि येसूबाई व सात वर्षांचे शाहू मुघलांच्या कैदेत गेले. राजा गेला, राजधानी गेली, वारस गेला. खेळात एवढ्यावर पडद्यावर 'तुम्ही हरलात' येतं.

पण वेढा आवळायच्या आत, एप्रिल १६८९ मध्ये, राजाराम महाराज रायगडावरून निसटले होते. सगळ्यांनी एकाच किल्ल्यात अडकून बसू नये हा सल्ला येसूबाईंचा, आणि त्या स्वतः मात्र मुलाला घेऊन मागे राहिल्या. (या बाईंवर कुणीतरी एक जाडजूड पुस्तक लिहायला हवं. असेल तर कळवा.) प्रतापगड, मग पन्हाळा. पन्हाळ्यालाही वेढा पडल्यावर सप्टेंबरात मोजकी माणसं घेऊन, वेष पालटून दक्षिणेकडे. वाटेत बेदनूरच्या राणी चेन्नम्माने मुघलांचा रोष पत्करून मदत केली. बंगळुराजवळ ओळख पटायची वेळ आली तेव्हा काही सोबती मागे थांबून पकडले गेले आणि महाराज पुढे सटकले असं सांगतात. आणि मग वर्ष संपायच्या आत जिंजी. आजच्या तमिळनाडूत, पुदुच्चेरीच्या वायव्येला. रायगडापासून आठशेच्या वर किलोमीटर. नकाशाचा कोपराच तो!

इथे खेळ आणि इतिहास यांत पहिला फरक. खेळातला आपला गावकरी कोपऱ्यात असतो तो बहुतेक वेळा योगायोगाने. जिंजी योगायोग नव्हता. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये दक्षिणेच्या स्वारीत जिंजी घेतली आणि तिची डागडुजी, तटबंदी करवून घेतली. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग अशा तीन टेकड्या आणि त्यांना जोडणारा तट. त्या वेळी हिशेबी माणसांना तो खर्च जरा जास्तच वाटला असणार. इतक्या लांबचा किल्ला, कशाला? बारा वर्षांनी त्या खर्चाचं उत्तर मिळालं. मी तो प्रसंग वाचताना मनात म्हटलं, कुणीतरी डाव जोरात असतानाच कोपऱ्यात एक टाउन सेंटर बांधून ठेवलं होतं. आपण खेळताना हे कधी करतो का? जिंकत असताना आपण फक्त आणखी घोडेस्वार काढतो.

आता दुसऱ्या खेळाकडे. टोटल वॉर मालिका ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: यात नकाशावर राज्य चालवायचं आणि लढाई जुंपली की मैदानात उतरून हजारो सैनिक स्वतः हलवायचे. या मालिकेत हरतीची लढाई फिरवण्याची मजा वेगळीच आहे, कारण इथे सैन्य मरून हरत नाही, घाबरून हरतं. प्रत्येक तुकडीला धीर असतो. पाठीवर घोडदळ आलं की तो घसरतो, शेजारची तुकडी पळाली की घसरतो, आणि सेनापती पडला की सगळ्यांचाच एकदम घसरतो. मग पांढरी निशाणं फडकायला लागतात आणि पाच मिनिटांपूर्वी जिंकत असलेलं सैन्य मैदान सोडून पळत असतं. २००४ च्या रोममध्ये मी कित्येकदा एक अरुंद पूल, भालेवाल्यांच्या दोन तुकड्या आणि थोडंसं घोडदळ एवढ्यावर तिप्पट सैन्य परत पाठवलंय. समोरच्याचा सेनापती सगळ्यात पुढे येऊन पुलावर अडकायचा. तो पडला की काम झालं. लढाई संपल्यावर पडद्यावर 'निसटता विजय' असं यायचं. मला 'दिमाखदार विजय' यापेक्षा ते जास्त आवडायचं.

हा धीराचा नियम आपल्याकडच्या एका लढाईला किती तंतोतंत लागू पडतो ते सांगायची गरज नाही. १४ जानेवारी १७६१, पानिपत. दुपारपर्यंत मराठ्यांचं पारडं जड होतं. विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊसाहेब हत्तीवर दिसेनासे झाले आणि फळी कोसळली. टोटल वॉरमधली कुठलीही लढाई काढून बघा, असंच होतं.

मग १६८९ मध्ये का नाही झालं? सेनापती तर सोडाच, छत्रपतीच गेले होते. पानिपतावर सगळी फौज, सगळे सरदार, बुणगे, बायकामुलं एका मैदानात होती. एकाने पाठ फिरवलेली दुसऱ्याला दिसत होती. १६८९ मध्ये एकाने पाठ फिरवलेली दुसऱ्याला दिसायला पंधरा दिवस लागत होते, आणि तोवर त्याने आपला निर्णय घेतलेला असायचा. संताजी घोरपडे एकीकडे, धनाजी जाधव दुसरीकडे, प्रत्येक किल्लेदार आपापल्या डोंगरावर. कित्येक जण मुघलांना मिळालेही. पण सगळे एकदम पळून जातील असं मैदानच नव्हतं. इकडे मुलुखात रामचंद्रपंत अमात्य 'हुकुमतपनाह' म्हणून सगळा कारभार बघत होते. पद नवंच काढलेलं, आणि त्याचा सरळ अर्थ असा, की जिंजीच्या हुकमाची वाट बघत बसू नका. सोबत शंकराजी नारायण, परशुराम त्रिंबक. राजा एका टोकाला, मेंदू दुसऱ्या टोकाला, हातपाय चहूकडे. टोटल वॉरच्या प्रोग्रामरला असं राज्य लिहायला सांगितलं तर तो राजीनामा देईल.

खरं तर त्या मालिकेत या गोष्टीची सोय फक्त एकदा नीट पाहिली. रोमच्या २००५ च्या बार्बेरियन इन्व्हेजन या पुरवणीत हूणांसारख्या टोळ्यांचं शेवटचं शहर गेलं तरी त्या संपत नाहीत. सगळी टोळी उठून चालायला लागते आणि खेळ चालू राहतो. एरवी टोटल वॉरचा नियम कडक आहे, शेवटचा प्रदेश गेला की तुम्ही नकाशावरून पुसले जाता. गंमत म्हणजे २००९ मध्ये एम्पायर टोटल वॉर आला आणि त्यात मराठे स्वतः खेळता येतात हे कळल्यावर आम्हा मित्रांच्या कंपूत दिवाळी साजरी झाली. मुघल घेऊन खेळता येत नाही, मराठे घेऊन येतं! पण तो खेळ सुरू होतो १७०० साली, आणि मराठे त्यात शेजाऱ्यांसारखंच एक व्यवस्थित राज्य म्हणून समोर येतात. रंगवलेले प्रदेश, प्रदेशाला राजधानी, राजधानीत कर गोळा करणारा वाडा. प्रत्यक्षात १७०० च्या मार्च महिन्यात राजाराम महाराज सिंहगडावर वारले होते, सातारच्या किल्ल्याला खुद्द औरंगजेब वेढा घालून बसला होता आणि एप्रिलमध्ये सातारा पडलाही. त्या खेळाच्या नियमांनी मोजलं तर मराठे त्या वर्षी दुसऱ्या-तिसऱ्या चालीतच बाद व्हायला हवेत.

टोटल वॉरमधला एक नियम मात्र या काळाला चपखल बसतो. घड्याळ. लढाईला वेळेची मर्यादा ठेवली असेल तर त्या वेळात जिंकायचं काम हल्ला करणाऱ्याचं. काटा शून्यावर आला आणि बचाव करणारा अजून उभा असेल तर तो जिंकला. मग त्याच्याकडे वीसच माणसं का उरलेली असेनात. माझे निम्मे निसटते विजय असेच आहेत. तटामागे सरकायचं, गल्लीत सरकायचं, शेवटी चौकात उभं राहायचं आणि घड्याळाकडे बघत बसायचं. बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटतं. आमच्या भाच्याचं तर स्पष्ट मत आहे, "मामा, हे जिंकणं नाहीये, हे फक्त न हरणं आहे."

तर मामा म्हणतो, औरंगजेबाला विचार. १६८९ मध्ये तो सत्तर वर्षांचा होता. जुल्फिकारखान १६९० मध्ये जिंजीसमोर येऊन बसला आणि किल्ला हातात आला १६९८ च्या सुरुवातीला. आठ वर्षं! त्यात १६९२ च्या डिसेंबरात संताजी-धनाजी खाली उतरले. त्यांनी कांचीच्या फौजदाराला, अली मर्दानखानाला पकडलं आणि वेढा घालणाऱ्यांनाच असं वेढलं की मुघल छावणीत धान्य मिळेना. शहजादा कामबक्ष मराठ्यांशी गुपचूप बोलणी करतोय असा संशय येऊन जुल्फिकारखान आणि त्याचा बाप असदखान यांनी बादशहाच्या मुलालाच कैद केलं आणि जानेवारी १६९३ मध्ये वांदिवाशला माघार घेतली. कॉम्प्युटर इतका वेड्यासारखा खेळला असता तर आपण खेळाला नावं ठेवली असती. नंतर वेढा पुन्हा बसला, पण खान मुद्दाम रेंगाळतोय असा संशय त्याच्याच काळातल्या लोकांना होता. आणि किल्ला पडला तेव्हा महाराज आत नव्हते. ते निसटून परत महाराष्ट्राकडे निघाले होते. आठ वर्षांचा खर्च, आणि हाती काय, तर रिकाम्या टेकड्या.

या आठ वर्षांत मैदानात काय होत होतं तेही बघा. नोव्हेंबर १६९५ मध्ये संताजीने कासिमखानाला चित्रदुर्गाकडच्या दोड्डेरीच्या छोट्याशा गढीत कोंडलं. अन्न संपलं, खान आतच मेला आणि बाकीच्यांनी खंडणी देऊन सुटका करून घेतली. दोन महिन्यांत, जानेवारी १६९६ मध्ये, बसवापट्टणजवळ हिम्मतखान मारला गेला. खेळाच्या भाषेत, शत्रूचं भारी घोडदळ आपल्या हलक्या घोडदळामागे धावून धावून दमतं आणि मग आपण वळतो. हे मी भाच्याला शिकवलंय. संताजी हे कुठे शिकला कुणास ठाऊक.

मग १६९९ च्या शेवटापासून औरंगजेब स्वतः किल्ले घ्यायला निघाला. वय एक्क्याऐंशी. साताऱ्याला मुघलांनी लावलेला सुरुंग त्यांच्याच माणसांवर उलटला आणि शेकड्यांनी माणसं गाडली गेली. सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा... दर वर्षी एक-दोन. बहुतेक किल्ले लढून नव्हे, तर महिनोन्‌महिने बसून आणि शेवटी किल्लेदाराशी पैशांची बोलणी करून मिळाले. तोरणा तेवढा १७०४ मध्ये खरोखर चढून जाऊन घेतला. मराठे किल्ला पावसाळ्यापर्यंत लढवायचे, रक्कम घ्यायचे, सुखरूप खाली उतरायचे आणि बादशहाची पाठ फिरली की परत चढायचे. १७०२ मध्ये विशाळगड घेऊन मुघल फौज ऐन पावसात पन्हाळ्याकडे परतली. अंतर तीस मैलांच्या आसपास, आणि लागला महिन्याच्या वर काळ. ओढ्यांना पूर, चिखलात रुतलेले उंट, भिजलेलं धान्य. सह्याद्रीतला जुलै ज्याने पाहिलाय त्याला जास्त सांगायला नको. साताऱ्याचं नाव बादशहाने 'आझमतारा' ठेवलं. एज ऑफ एम्पायर्समध्ये निदान नाव बदलायचे पैसे पडत नाहीत.

हा सगळा काळ ताराबाईंचा. राजाराम महाराज गेले तेव्हा त्यांचं वय पंचविशीच्या आसपास. पदरात लहान मूल, एकेक किल्ला चाललेला. आणि या बाईंच्या कारभारात फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात आणि गुजरातेत जाऊ लागल्या. आपलं घर जळत असताना शत्रूच्या शेतांवर घोडे पाठवायचे, ही चाल खेळात करायलाही छातीत धडधडतं.

३ मार्च १७०७ रोजी नगरजवळ भिंगारच्या छावणीत औरंगजेब गेला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होऊन. काटा शून्यावर.

इथपर्यंत लिहून मी खूश होऊन लेख संपवू शकलो असतो. पण मग एक गोष्ट सारखी टोचत राहते, ती म्हणजे खेळात निसटत्या विजयाचं बिल येत नाही. आणि इथे ते आलं.

पहिलं बिल संताजीचं. सगळ्यात जास्त लढाया ज्याने फिरवल्या त्याचं राजाराम महाराजांशी आणि धनाजीशी फाटलं, आणि १६९७ मध्ये तो मारला गेला. मुघलांशी लढताना नाही. एकटा फिरत असताना नागोजी मान्याने जुनं वैर साधलं. खेळात आपला सर्वोत्तम सेनापती असा जात नाही. गेलाच तर आपण मागचा सेव्ह उघडतो. (सेव्ह उघडून जिंकलेला डाव मी निसटत्या विजयात धरत नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. भाच्याने वाचावं.)

दुसरं बिल वतनांचं. शिवाजी महाराजांनी सरदारांना जमिनी तोडून द्यायच्या नाहीत, रोख पगार द्यायचा, हे धोरण मोठ्या कष्टाने रुजवलं होतं. आता तिजोरीच नव्हती. औरंगजेब वतनाचं आमिष दाखवतोय म्हटल्यावर यांनाही तेच दाखवावं लागलं. १६९१ मधलं एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात हणमंतराव घोरपड्यांना टप्प्याटप्प्याने रकमा कबूल केल्यात. रायगड घेतल्यावर इतके, विजापूर घेतल्यावर इतके, मग भागानगर, औरंगाबाद आणि शेवटी दिल्ली घेतल्यावर इतके. स्वतः जिंजीत अडकलेला राजा दिल्लीचं बक्षीस जाहीर करतोय! टोटल वॉरमधल्या मोहिमा हुबेहूब अशाच असतात, अमुक शहर घ्या, तमुक रक्कम मिळवा. पण मुलूख तुम्ही जिंका आणि तुम्हीच ठेवा, या बोलीवर लढणारे सरदार लढाई संपल्यावर बोली विसरत नाहीत. पुढच्या शतकात शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड आपापल्या दिशेला गेले, त्या वाटेची सुरुवात मला इथे दिसते. ज्या विखुरलेपणामुळे १६८९ मध्ये राज्य वाचलं, ते नंतर पुन्हा गोळा झालंच नाही. रामचंद्रपंतांपुढे दुसरा पर्याय होता का? मला तरी दिसत नाही. पुढे आज्ञापत्रात वतनदारांबद्दल त्यांनी जे सावध लिहिलंय, ते वाचताना हा माणूस स्वतःच दिलेल्या सनदा आठवत लिहीत असेल असं वाटतं.

आणि तिसरं बिल, ज्याचा स्क्रीनवर आकडाच नसतो. एज ऑफ एम्पायर्समध्ये एक गावकरी पन्नास अन्नाला पडतो आणि पंचवीस सेकंदांत तयार होतो. त्यामुळे गाव जळताना आपल्याला वाईट वाटतं ते वेळेचं. पंचवीस वर्षं एक प्रचंड चालती-बोलती छावणी दख्खनभर फिरत होती. तिच्या वाटेतली उभी पिकं तिच्या घोड्यांची. तिची रसद तोडायला मराठ्यांच्या तुकड्या तोच मुलूख तुडवणार. एकाला सारा दिला की दुसरा चौथाई मागायला हजर. त्यात १७०२ ते १७०४ दुष्काळ आणि साथ. मनुची नावाचा इटालियन त्या काळात हिंदुस्थानात होता, त्याने या दोन वर्षांत वीस लाखांवर माणसं मेल्याचं लिहिलंय. आकडा त्याने मोजलेला नाही, ऐकीव आहे. निम्मा धरला, चौथा हिस्सा धरला, तरी बसल्या जागी हात थंड पडतात. आमचं मूळ गाव त्या छावणीच्या वाटेपासून फार लांब नाही. आजोबा सांगायचे की घराण्याची माहिती सहा-सात पिढ्यांपलीकडे जात नाही, त्याआधीचं कुणाला काहीच ठाऊक नाही. (काकांकडे काही कागद असतील तर स्कॅन करून पाठवा, मनापासून सांगतोय.)

डाव संपल्यावर एज ऑफ एम्पायर्स एक आलेख दाखवतो. कुठल्या वेळी कोण किती जोरात होतं ते रंगीत पट्ट्यांमध्ये. १६८१ ते १७०७ चा असा आलेख काढला तर मजा होईल. मुघलांचा पट्टा रुंदावतच जाईल आणि अगदी शेवटाकडे, बादशहा मरायच्या बेतात असताना, जवळजवळ सगळ्यात रुंद असेल. काबूलपासून पार तमिळ मुलखापर्यंत! मराठ्यांचा पट्टा १६८९ पाशी दोऱ्याएवढा बारीक होईल आणि मग नुसताच तसा बारीक चालत राहील. आलेख बघून विजेता ओळखा म्हटलं तर शंभरातले शंभर जण औरंगजेबाचं नाव सांगतील.

आणि तो मेल्यावर दोन-तीन महिन्यांत त्याच्या मुलाने, आझमशहाने, एक चाल केली. गादीच्या भांडणासाठी उत्तरेला निघताना त्याने शाहूंना सोडून दिलं. अठरा वर्षांपूर्वी रायगडावर पकडलेलं ते सात वर्षांचं पोर, आता पंचविशीचा तरुण, राज्यावर हक्क सांगत परत निघाला. ताराबाईंनी, म्हणजे ज्यांनी सात वर्षं हा डाव एकहाती लढवला होता त्यांनी, त्याला मानायला नकार दिला आणि फौज पाठवली. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडजवळ दोन्ही मराठी सैन्यं समोरासमोर आली. ताराबाईंच्या बाजूने धनाजी जाधव आला होता, आणि तो शाहूंना जाऊन मिळाला. एज ऑफ एम्पायर्समध्ये त्यासाठी डिप्लोमसी म्हणून एक छोटीशी खिडकी आहे. तिथे शत्रूच्या नावापुढची खूण काढून मित्राच्या रकान्यात करायची, बस्स.